मंगळवारची दुपार आणि मेंढीकोटाचा चौथा भिडू

इंग्लंडमधल्या सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणीस,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या फराळाची ऑर्डर, नाटकाच्या दौऱ्याच्या तारखा आणि हॉलच्या पार्किंगवरून होणारी भांडणं यांत तुम्ही सध्या गळ्यापर्यंत बुडालेले असणार. मी स्वतः तीन वर्षं एका मंडळाची खजिनदार होते. रात्री अकरा वाजता "आमची दोन तिकिटं पुढच्या रांगेतली होती ना?" असे फोन मीही घेतले आहेत. म्हणून आधीच सांगून टाकते, हे पत्र वर्गणीसाठी नाही आणि स्पॉन्सरशिपसाठीही नाही. मला तुमच्याकडून फक्त एक खोली हवी आहे. आठवड्यातून एकदा, मंगळवारी दुपारी, दोन तास. ती कशाला हवी, हे सांगायला मात्र दोन-तीन पानं लागतील.

लंडनच्या पश्चिमेकडच्या एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, मी लिंक वर्कर आहे. पूर्ण नाव ‘सोशल प्रिस्क्रायबिंग लिंक वर्कर’, म्हणजे औषधाने न सुटणाऱ्या प्रश्नांसाठी माणसाला आसपासच्या गटांशी आणि मदतीशी जोडून देणारी. हे नाव ज्या कमिटीने ठरवलं, तिला एकदा एखाद्या आजींसमोर बसवून ते समजावून सांगायला लावलं पाहिजे. प्रिस्क्रिप्शन म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर गोळ्या येतात. एका आजींना डॉक्टरांनी माझा नंबर लिहिलेला कागद दिला, तर त्या तो घेऊन शेजारच्या फार्मसीत गेल्या आणि वीस मिनिटं रांगेत उभ्या राहिल्या. पुढे माझ्याकडे आल्यावर मी काय करते ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, म्हणजे तू इथली आशाताईच की!"

आमच्या ट्रेनिंगमधल्या सगळ्या व्याख्यांपेक्षा मला ही जास्त आवडली. आशाताई गावात २००५ च्या योजनेनंतर आल्या, साधारण हजार वस्तीमागे एक. लसीकरण, बाळंतपण, नोंदी ही त्यांची कामं कागदावर असतात. पण त्यांची खरी किंमत अशी, की कुठल्या घरात चूल पेटलेली नाही आणि कुठल्या घरात सासू-सुनेचं बोलणं बंद आहे हे त्यांना माहीत असतं, आणि त्या दाराशी उभ्या राहिल्या की दार उघडतं. माझं काम त्याहून पुष्कळ सोपं आहे, पगारही नियमित आहे. तरी जात एकच.

इथल्या जीपीकडे तुम्हीही गेला असाल. सकाळी आठला फोन लावायचा, ‘तुमचा क्रमांक सतरावा’ ऐकायचं, आणि नशीब असेल तर दहा मिनिटांची भेट मिळते. त्या दहा मिनिटांत गुडघा, साखर आणि खोकला उरकतात. घरात दिवसभर कोणी बोलायला नाही, भाडं थकलंय, नवरा गेल्यापासून जेवण बनवावंसंच वाटत नाही, हे बाहेर येतं ते उठताना, दाराच्या मुठीवर हात ठेवून. २०१५ मध्ये लोकांना मोफत सल्ला देणाऱ्या ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या संस्थेने जीपींची पाहणी केली, तेव्हा त्यांचा जवळजवळ एक पंचमांश वेळ मुळात आरोग्याचे नसलेल्या प्रश्नांवर जातो असं दिसलं होतं. डॉक्टरांना हे पूर्वीपासून कळत होतं. पण त्याचं औषध त्यांच्या स्क्रीनवरच्या यादीत नव्हतं.

एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, जानेवारी २०१९ च्या आराखड्यात पहिल्यांदा हजाराहून जास्त लिंक वर्कर नेमायचं ठरलं. त्याच वर्षी १ जुलैपासून शेजारशेजारच्या सर्जऱ्यांची नेटवर्क्स झाली, एकेका नेटवर्कमध्ये साधारण तीस ते पन्नास हजार पेशंट, आणि आमचे पगार त्या नेटवर्कमार्फत सरकारी निधीतून निघू लागले. पुढे २०२३ च्या मनुष्यबळ आराखड्यात २०३६-३७ पर्यंत आम्ही नऊ हजार होऊ असा आकडा आला. आकडे येतात आणि सरकारंही बदलतात, तेव्हा त्यावर मी फार बोलत नाही.

मी नेमकं करते काय? डॉक्टर, नर्स किंवा रिसेप्शनवरची मुलगी माझ्याकडे माणूस पाठवते. पहिल्या भेटीला माझ्याकडे तासभर असतो. आम्हाला शिकवलेला पहिला प्रश्न "तुम्हाला काय होतंय?" हा नाही, तर "तुमच्यासाठी काय महत्त्वाचं आहे?" हा आहे. इंग्रजीत तो फार सुंदर वाटतो. मराठीत विचारला की समोरची व्यक्ती माझ्याकडे अशी बघते की जणू मी मुलाखत घेते आहे. आणि उत्तर ठरलेलं, "मुलाला त्रास होऊ नये, बस्स." म्हणून मी तो प्रश्न विचारणंच सोडलं. आता विचारते, "काल दुपारी जेवल्यावर काय केलंत?" त्या उत्तरात सगळं असतं.

आता साताऱ्याच्या काकांचं सांगते. गाव आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत, आणि त्यांना विचारूनच लिहिते आहे. काका एसटीत कंट्रोलर होते. काकू गेल्यावर मुलाकडे आले, २०१२ च्या जुलैत आईवडिलांना आणायचे नियम आवळले गेले त्याच्या आधी. दर सोमवारी सकाळी ते सर्जरीत हजर. आमच्या वेटिंग रूममध्ये ब्लडप्रेशरचं मशीन आहे. हात आत घालायचा, बटण दाबायचं, आकड्यांची चिठ्ठी बाहेर येते, ती रिसेप्शनवर द्यायची. काका चिठ्ठी काढायचे, पाच मिनिटं बसायचे, पुन्हा काढायचे. एक रिसेप्शनला द्यायची, दुसरी खिशात. रिसेप्शनवाल्या मुलीने माझ्याकडे पाठवताना रेफरलमध्ये एवढंच लिहिलं होतं, ‘बीपी नेहमी नॉर्मल. तरी येतात.’ आजवर मला मिळालेल्या रेफरलपैकी इतकं चांगलं दुसरं नसेल.

पहिल्या भेटीत काका आधी मनातलं काहीच बोलले नाहीत. सून प्रेमळ, मुलगा कामात, नातवंडं गुणी, सगळं छान. बोलता बोलता त्यांनी खिशातून त्या चिठ्ठ्यांची गड्डी काढली. रबरबँड लावलेली, पन्नासेक तरी असतील. रबरबँड काढून बोटात अडकवला आणि नकळत त्या चिठ्ठ्या पिसायला लागले. दोन भाग, एकात एक सरकवून, टेबलावर ठोकून कडा सारख्या. मी विचारलं, "काका, पत्ते खेळता का हो?"

हात थांबला. "खेळत होतो. मेंढीकोट. डेपोत शेवटची गाडी लागली की आम्ही चौघं बसायचो ते पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत." मग पुढचा पाऊण तास त्यांनी मला मेंढीकोट समजावला. चार दहा म्हणजे चार मेंढ्या, समोरासमोरचे भिडू, भिडूच्या भुवईवरून त्याच्याकडे हुकूम आहे की नाही ते कसं ओळखायचं. त्यांचा भिडू ड्रायव्हर होता, चौकटचा दहा हातात आला की चष्मा पुसायचा. "आणि आता?" "आता फोनवर एकटाच रमी खेळतो. ते मशीन चीटिंग करतं."

तर हा झाला आजार. औषध उघड आहे, आणखी तीन माणसं आणि पत्त्यांचा एक जोड. मी माझी यादी उघडली. खुर्चीत बसून करायचा व्यायाम, विणकामाचा गट, गुरुवारची चालण्याची टोळी, पंजाबी ज्येष्ठांचं केंद्र, गुजराती मंडळींचा लंच क्लब. लंच क्लबला मी स्वतः पहिल्या दिवशी काकांसोबत गेले, कारण पहिल्या दिवशी दारातून आत जाणं हेच सगळ्यात अवघड असतं. लोकांनी मनापासून स्वागत केलं. काका तीन वेळा गेले, मग थांबले. "माणसं फार चांगली गं. पण डाळ गोड असते. आणि मला त्यांचा एक विनोद कळेपर्यंत दुसरा होऊन जातो."

हसू नका. विनोद वेळेत कळणं ही म्हातारपणी फार मोठी गोष्ट आहे.

मग मी आपल्या तीन मंडळांना लिहिलं. कोणती ते सांगणार नाही, त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याने मेंबरशिपचा फॉर्म पाठवला. तिसऱ्याच्या सेक्रेटरींनी अगत्याने फोन केला आणि सांगितलं, "आमच्याकडे ज्येष्ठांसाठी कार्यक्रम असतो की! जानेवारीत. तिळगूळ, भावगीतं, शाल-श्रीफळ." मी म्हटलं, "आणि फेब्रुवारीत?" त्यावर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "हो, हे कधी डोक्यातच आलं नाही."

माझं म्हणणं तेवढंच आहे. आपली मंडळं सणांची आहेत, आणि सण उत्तम करतात. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ ची, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या पंधरा वर्षं आधी आपल्या लोकांनी इथे एकत्र बसायला जागा शोधली होती. तेव्हा बहुतेक जण तरुण होते. दिवसभर काम किंवा कॉलेज, आणि सुट्टीच्या दिवशी मंडळ. आपला साचा अजून तोच आहे. सगळं शनिवारी-रविवारी. पण शनिवारी-रविवारी घर भरलेलंच असतं हो! घर रिकामं असतं सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो. त्या अंधारात दिवा लावून खिडकीशी बसलेल्या माणसाला दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाचा काय उपयोग?

पुण्या-ठाण्यात महापालिकेची विरंगुळा केंद्रं असतात. पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पेपर पाच जणांत. तिथे कोणी वक्ता नसतो, कोणाचा सत्कार नसतो, आणि म्हणूनच माणसं रोज येतात. ज्या काका-काकूंना आपण इथे आणलं, त्यांचा कट्टा आपण तिथेच सोडून आलो. बॅगेत लोणचं बसलं, कट्टा बसला नाही.

तुम्हाला वाटेल, हे एनएचएसचं काम आहे, आमच्यावर कशाला? म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. पूर्व लंडनमधलं ब्रॉम्ली-बाय-बो सेंटर हे आमच्या धंद्यातलं आळंदी-पंढरपूर. आज तिथे जीपी सर्जरी आहे, बाग आहे, वर्ग आहेत, जगभरचे लोक बघायला येतात. पण त्याची सुरुवात डॉक्टरांनी केली नाही. १९८४ मध्ये अँड्र्यू मॉसन नावाचे पाद्री तिथल्या एका चर्चमध्ये आले. चर्च मोडकळीला आलेलं, प्रार्थनेला येणारी माणसं हातावर मोजण्याइतकी, सगळी म्हातारी. त्यांनी ती रिकामी जागा वस्तीतल्या लोकांना वापरायला दिली. दवाखाना नंतर आला. सॉमरसेटमधल्या फ्रोम गावातही डॉ. हेलन किंग्स्टन यांनी २०१३ च्या सुमारास काम सुरू केलं तेव्हा आधी गावात काय-काय चालतं त्याची यादी केली, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे लोकांच्या मदतीने नवे गट उभे केले. मी कितीही चांगली असले तरी मी फक्त दुवा आहे. दुव्याला दोन टोकं लागतात. एका टोकाला काका आहेत. दुसरं टोक तुम्ही आहात, आणि सध्या ते हवेत लोंबतंय.

आमच्या कामाचा पुरावा किती भक्कम आहे, असं तुमच्यातला एखादा डेटावाला विचारेलच, निम्मी कार्यकारिणी आयटीतली असते! तर खरं सांगते, अजून कच्चा आहे. अभ्यास बरेच झाले, पण पुष्कळसे लहान, थोड्या काळाचे, तुलनेला दुसरा गट नसलेले. जीपीच्या फेऱ्या किती कमी होतात यावर जाणकारांचं एकमत नाही. आमच्याकडे चार प्रश्नांचा एक फॉर्म आहे, समाधान, आनंद, चिंता आणि आयुष्याला अर्थ वाटतो का, शून्य ते दहा. आपल्या पिढीतल्या कुठल्याही काकूंना "आयुष्यात समाधान किती, दहापैकी सांगा" असं विचारून बघा. "देवाच्या दयेने दहा," असं म्हणून त्या डोळे पुसतात. तो दहा मी फॉर्ममध्ये भरते. कधीकधी वाटतं, आमच्या सगळ्या आलेखांमध्ये असे किती दहा असतील.

सगळंच पत्त्यांनी सुटत नाही, हेही कबूल करते. माझा अर्धा वेळ फॉर्म भरण्यात जातो. अटेंडन्स अलाउन्स नावाचा भत्ता पेन्शनच्या वयापुढच्या आणि दुसऱ्याची मदत लागणाऱ्या माणसाला मिळतो. उत्पन्न किती याचा त्याच्याशी संबंध नाही, तरी आपले लोक "आम्हाला सरकारचे फुकटचे पैसे नकोत" म्हणून तो घेत नाहीत. चाळीस वर्षं टॅक्स भरलाय, फुकटचे कसले? मात्र ज्यांच्या व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट आहे त्यांनी आधी सल्ला घ्यावा, चुकीचा फॉर्म भरला तर पुढे निस्तरावं लागतं. आणि जीपीकडे नाव नोंदवणं इंग्लंडमध्ये सगळ्यांना मोफत आहे, सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांनाही. हे एवढं जरी तुम्ही तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंत तरी माझे दहा फोन वाचतील.

दुभाष्याचाही प्रश्न आहे. दुभाषा मोफत मागता येतो, आणि घरच्या माणसाने ते काम करू नये असं एनएचएसचं म्हणणं आहे. तरी नोंदणीच्या वेळी भाषेच्या रकान्यात आपण ‘हिंदी’ किंवा ‘इंग्लिश’ लिहून मोकळे होतो, आणि मग सासूबाईंच्या पोटदुखीचं भाषांतर सूनबाई करतात. त्या पोटदुखीत सूनबाईंचाच वाटा असला तर? किंवा उलट, सून पार थकली असेल आणि ते सासूसमोर बोलणार कशी? म्हणून तिथे ‘मराठी’ लिहा. कोणी मागितलीच नाही तर ती भाषा लागते हे त्यांना कळणार कुठून?

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली, पदवी हातात आणि चार महिन्यांचं बाळ कडेवर घेतलेली मुलगी दुपारी अडीचला काय करते, हे विचारायची हिंमत मला फारशी होत नाही. तिलाही मंगळवारची ती खोली चालेल. आजी बाळ घेतील, ती गरम असतानाच चहा पिईल.

आता व्यवहाराचं. तुमच्या मनात भीती असेल की ही बाई आमच्याकडे आजारी माणसं पाठवून मोकळी होणार. तसं होणार नाही. ज्याला डॉक्टर हवा तो डॉक्टरकडेच राहतो, ज्याच्या जिवाला धोका आहे तो तर नक्कीच. येणाऱ्या माणसाबरोबर पहिल्या दिवशी मी किंवा माझी सहकारी असेल. कोण कशासाठी आलं हे मी तुम्हाला सांगणार नाही आणि तुम्ही विचारायचं नाही. आपल्यात "कोणाचे कोण हो तुम्ही?" पासून सुरू होऊन तीन प्रश्नांत माणसाची कुंडली निघते, याच धाकाने बरेच जण येत नाहीत. दाराला पायऱ्या नकोत, टॉयलेट त्याच मजल्यावर हवं, बसस्टॉप जवळ हवा. कारण आपल्या बहुतेक हॉलना पार्किंग भरपूर असतं आणि बस जात नाही, आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांनी गाडी केव्हाच सोडलेली असते. तुमच्याकडून उपस्थित राहणाऱ्या दोन माणसांची पोलीस तपासणी आणि विमा कसा करायचा ते मी दाखवीन. काउन्सिलकडून छोटं अनुदान मिळवायचा फॉर्मही मीच भरीन, आता त्यात माझा हात बसला आहे. वक्ता नको, दीपप्रज्वलन नको, फेसबुकवर फोटो तर अजिबात नकोत. आणि तीन जण आले म्हणून चौथ्या आठवड्यात बंद करू नका. बंद दारापाशी एकदा परत गेलेला माणूस पुन्हा येत नाही, आणि मग तो माझा फोनही उचलत नाही.

काकांच्या डावाचं कुठवर आलं ते सांगते. एक काकू सापडल्या, मिरजेला नर्सिंग शिकून १९६९ मध्ये इकडे आलेल्या, सगळी नोकरी वॉर्डात रात्रपाळीची. "मेंढीकोट? मी दोघांना एकटी पुरून उरेन," म्हणाल्या. तिसरे नागपूरचे, मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेत, फेब्रुवारीअखेर परत जाणार. तिघांच्या संमतीने मी त्यांना फोनवर एकत्र बोलायला दिलं. पहिल्या पाच मिनिटांतच बंद हुकूम खेळायचा की नाही यावरून सातारा आणि नागपूरची जुंपली आणि काकूंनी दोघांना गप्प केलं. त्या सोमवारी काका सर्जरीत आले नाहीत. रिसेप्शनवाल्या मुलीने काळजीने मला विचारलं, "ते बरे आहेत ना?"

चौथा भिडू अजून मिळालेला नाही. तुमच्या यादीत तो नक्की आहे. आणि तुमच्या हॉलची किल्ली मंगळवारी कोणाकडे असते, तेवढं कळवा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एका जीपी सर्जरीतली लिंक वर्कर
(आणि तुमच्यासारखीच एक माजी खजिनदार)